भाजीवाले सर आणि अनामिक

कॉम्प्युटरचा पासवर्ड टाकताना घरात, छपराखाली, कोरड्या हवेत छत्री उघडणारा माणूस साऱ्या बेळगाव भागात एकच होऊन गेला आणि तो माझ्या शाळेत मराठी शिकवत होता. त्यांच्यावर लिहा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. "तुम्ही त्यांचे हेडमास्तर, तुमच्याइतकं त्यांना कुणी पाहिलंय?" असं म्हणत. मी कधी चष्म्याचं, कधी गुडघ्याचं कारण सांगून टाळत आलो. गुडघ्याने कुणी लिहीत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण निवृत्त हेडमास्तरला तोंडावर कोण बोलणार? खरी गोष्ट अशी, की सरांवर लिहायला बसलं की फिरून फिरून त्या एका टिप्पणीवर यावं लागतं आणि टिप्पणीवर आलं की माझ्यावर यावं लागतं. तेवढ्यासाठी इतकी वर्षं काढली. आता सर नाहीत. म्हणून लिहितो. फक्त नाव कुणाचंच घेणार नाही, त्यांचंही नाही. घेतलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सर मूळचे निपाणीचे. बेळगावच्या शहापुरात एक खोली घेऊन एकटेच राहत. शनिवारची शाळा सुटली की निपाणीची बस धरत आणि सोमवारी सकाळी हजर होत. अंगाने ठेंगणे, मिशा भरघोस, आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलं त्यांचीच कविता पाठ करून घरी जात. पण एखाद्या मुलाचे गुण सांगायची वेळ आली की हा आवाज एकदम जमिनीत जाई. उत्तरपत्रिका देताना ते एकेका मुलाला जवळ बोलावत, ओंजळ त्याच्या कानाला लावत आणि मुंजीत मंत्र सांगावा तसे गुण सांगत. निकाल नोटीस बोर्डावर लावायला त्यांचा कडवा विरोध. "नापास झालेलं पोराला कळू दे की. भिंतीला कशाला कळाय पाहिजे?" असा त्यांचा सवाल असे, आणि भिंतीच्या वतीने उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणालाच सुचत नसे. हॉटेलात पार्सल घेताना पोऱ्याने नाव विचारलं तर ते "वांगी" असं सांगत. एकदा खडेबाजारातल्या गर्दीत गल्ल्यावरचा माणूस "वांगीऽ, वांगी कोण हाय?" म्हणून ओरडत होता आणि हे चेहऱ्यावर रेषाही न हलवता पुढे होऊन इडल्या घेऊन आले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाळेला कुणीतरी दिलेले कॉम्प्युटर आले तेव्हा ती खोली कुणालाच नको होती, म्हणून ती सरांच्या गळ्यात पडली. मग ते कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि आल्या आल्या, पायातल्या चपला न काढता, माझ्या खोलीत उभे राहिले. "सर, पोरं लई चांगलं लिवत्यात आनि ते वहीत मरतंय. आपण वर्गाचा ब्लॉग काढूया. जगाला वाचू दे." मी म्हटलं, काढा. तेव्हा त्यांनी आधी दार लावलं, मग आवाज उतरवला आणि म्हणाले, "पण एक हाय. लिखाण दिसलं पाहिजे, पोर दिसता कामा न्हाय."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला. आमच्या भागात नाव हे नुसतं नाव नसतं. आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की घरात मराठी बोलतात की कन्नड ते कळतं आणि तेवढं कळलं की ऐकणाऱ्याला बाकीचं सगळं कळल्यासारखं वाटायला लागतं. सरांनी यावर उपाय काढला तो भाजीचा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक भाजी दिली. दोडका, पडवळ, घेवडा, मुळा, गवार, मटार. लेखाखाली नाव भाजीचं. कुठली भाजी म्हणजे कोण, हे सरांच्या डोक्याबाहेर कुठेही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी फक्त एवढी काळजी घेतली, की उंच पोराला पडवळ म्हणायचं नाही आणि गोल पोराला भोपळा म्हणायचं नाही. मुलांनी आठवडाभरात हिशेब लावला, की भोपळा म्हणजे नक्की वर्गातलं सगळ्यात हडकुळं पोर. सरांनी त्या दिवशी डोक्याला हात लावला आणि पुढच्या सहामाहीपासून चिठ्ठ्या टाकल्या, त्याही अशा, की चिठ्ठी उचलली की पाठ करायची आणि गिळायची. गिळायचं ते थट्टेनं म्हणाले होते, पण एका गवारीने खरोखर गिळली. तिच्या आजीने शाळेत येऊन जो दंगा केला तो वेगळाच.

आया तर हैराण झाल्या होत्या. "अगं, आमचा कुठला ते तरी सांग की गं," असं एक आई बाजारात भाजीवालीसमोर दुसरीला विचारत होती. "मी आपलं सगळ्यांचंच कौतुक करती. परवा लाल भोपळ्याचं केलं, तर ते शेजारणीचं निघालं." मुलं आईलाही सांगत नसत. सरांनी सांगितलेली एवढी एकच गोष्ट मुलांनी मनापासून पाळली. शुद्धलेखनाच्या बाबतीत तसं काही घडलं नाही. आणि सरांचं नाव मात्र आपोआप पडलं, भाजीवाले सर.

ब्लॉगवर टाकण्याआधी सर प्रत्येक लेख असा काही धुऊन काढत, की लिहिणाऱ्यालाही तो आपला वाटू नये. स्वतः ते "गेलतो, आलतो" असंच बोलायचे, पण मुलांच्या लेखात "गेलतो" दिसलं की लाल पेनने "गेलो होतो" करत. मी ते प्रमाण भाषेवरचं प्रेम समजून त्यांना शाबासकी दिली तर म्हणाले, "कसलं शुद्ध आनि कसलं काय सर. 'गेलतो' म्हटलं की कुठनं गेलतो ते पण कळतंय." एकदा उचगावच्या मुलाने आपल्या म्हशीवर लिहिलं होतं. एक शिंग मोडलेल्या त्या म्हशीने भर लग्नाच्या मांडवात शिरून नवऱ्यामुलाच्या मामाला आडवं केलं होतं. इतका जिवंत लेख मी कित्येक वर्षांत वाचला नव्हता. सर त्याला म्हणाले, "शिंगमोडकी म्हस तुमच्या गावात किती?" "एकच, सर." "मग शिंग जोड." शिंग जोडलं. मग मांडव गेला, मग मामा गेला, मग म्हैसही जरा जास्तच ओळखू येते असं ठरलं. अखेर ब्लॉगवर आलं ते असं: 'आमच्या पाळीव प्राण्याने एका गावात एका कार्यक्रमात एका पाहुण्यांना एकदा ढकलले.' खाली सही, मुळा. तो मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, ह्यात माझी म्हस कुठाय?" सर म्हणाले, "आत हाय रं. लपलीय."

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं. पण एक खरं. भाजीच्या आड मुलं जे लिहायची ते मी माझ्या सगळ्या नोकरीत मुलांकडून ऐकलं नव्हतं. एका घेवड्याने लिहिलं, की मला अंधाराची भीती वाटत नाही, अंधार पडल्यावर घरी येणाऱ्याची वाटते. सरांनी त्या घरी दोनदा जाऊन काय केलं ते मला कधी सांगितलं नाही. आणि एका मटाराने लिहिलं, की आमचे हेडसर प्रार्थनेनंतर भाषण सुरू करतात तेव्हा ग्राउंडवर कावळे येतात आणि कंटाळून परत जातात, कावळ्यांना तशी परवानगी आहे. हे वाचून मी सरांना बोलावलं. मटार कोण, ते मला हेडमास्तर म्हणून समजायलाच पाहिजे, असं सांगितलं. सर उभे राहून शांतपणे म्हणाले, "सर, मटारच्या शेंगेत दाणे किती असत्यात ते सांगतो. मटार कोण ते न्हाय."

ते मला लागलं. मीच या शाळेचा प्रमुख आणि माझ्याच अंगणातली भाजी मला ओळखता येऊ नये! त्या दिवसापासून मी रोज ब्लॉग उघडून मुलं ओळखायचा नाद लावून घेतला. हा घेवडा म्हणजे तो, ही मेथी म्हणजे ती. बहुतेक चुकत असणार. पण माझ्या मनाने घेतलं, की एकदा तरी या माणसाचं कुलूप आपण उघडून दाखवायचं.

त्यांच्या कुलपाला धडका देणारा मी एकटाच नव्हतो. पालकांची संमती हवी म्हणून सरांनी मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद छापून घरोघर सह्या मागितल्या. उचगावच्या एका आजोबांनी कागद उलटा धरून, सुलटा धरून, उन्हात धरून बघितला. "मास्तर, सही म्हटलं की माझा हात कापतोय. शेताचा उतारा तर न्हाय न्हवं ह्यात?" सर म्हणाले, "आजोबा, उलट हाय. तुमच्या नातवाचं काहीच घेणार न्हाय, अशी मीच तुमास्नी सही देतोय." आजोबा विचारात पडले आणि म्हणाले, "काहीच घेणार न्हाय म्हणणारा माणूस तर लईच वाईट." सही मिळाली नाही. त्या नातवाने वर्षभर लिहिलं आणि सरांनी ते एकट्याने वाचलं.

फोटोंचंही तेच. ब्लॉगवर मुलांचा चेहरा कधी आला नाही. आधी पाठमोरी मुलं यायची. मग वेण्यांच्या रिबिनी ओळखू येतात असं ठरलं, म्हणून पाय यायला लागले. मग चपला ओळखू येतात असं ठरलं, म्हणून सहलीच्या वेळी सगळ्यांना एका ओळीत उभं करून सरांनी सावल्यांचा फोटो काढला. क्रीडामहोत्सवाच्या फोटोत नुसती धूळ होती. धूळ मात्र सुंदर होती. पण खरा स्फोट बक्षीस समारंभाच्या फोटोवरून झाला. संस्थेचे अध्यक्ष त्या दिवशी कोट घालून आले होते. ब्लॉगवर आलेल्या फोटोत मधोमध एक कप होता, कप घेणारे दोन लहान हात होते आणि देणारा एक मोठा हात, मनगटापर्यंत. अध्यक्षांनी स्वतःचं घड्याळ ओळखलं आणि ते तडक शाळेत आले. "हा हात माझा आहे!" "व्हय साहेब," सर म्हणाले, "पण जगाला काय कळतंय? तुमी निर्धास्त ऱ्हावा." "अहो, मला निर्धास्त राहायचंच नाही! माझं डोकं कुठं आहे?" "तुमची संमती घ्यायची ऱ्हायलीती की साहेब." अध्यक्ष ते डोकं कधी विसरले नाहीत.

आता दोडक्याकडे येतो. ती मुलगी विणकरांच्या घरातली. वडगावात माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत तिचं घर. खाली दोन माग, वर राहायची जागा. माझ्या बायकोच्या बऱ्याच साड्या त्याच मागावरच्या. तिचे वडील गल्लीतला सगळ्यात करडा माणूस. मिशांना पीळ, बोलणं मोजकं, आणि माग चालू असताना कुणी मध्ये बोललं तर असे बघायचे, की माणसाने पुढचे दोन दिवस दुसऱ्या गल्लीतून जावं. त्या घरात तिच्या आत्याची मुलं लहानपणापासून राहायला होती. ती त्यांना मामा म्हणत, म्हणून ही मुलगीही आपल्या बापाला मामाच म्हणायची. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. कुणी बापाला काका म्हणतं, कुणी दादा. सरांना ते ठाऊक होतं. नंतर मला कळलं, की त्या लेखातलं सगळं बदलल्यावर त्यांनी तो एक शब्द मुद्दाम ठेवला होता. "मामा ऱ्हाऊ दे. मामा कुणाचा पण असतोय," असं ते तिला म्हणाले होते. 'बघते'चं त्यांनी 'बघतो' केलं, माग काढून टाकला, गल्ली काढून टाकली. मामा राहिला.

लेख एवढासाच होता. 'आमच्या मामांना मोठ्या मिशा आहेत. नवी साडी तयार झाली की मामा दार लावतात. साडी स्वतःच्या खांद्यावर घेतात, पदर पाठीवर सोडतात आणि आरशासमोर मागे-पुढे चालून बघतात. पदर नीट पडला नाही तर त्यांचं तोंड उतरतं. पडला तर ते आरशाला हसतात. तसं हसताना त्यांना घरात कुणीच पाहिलेलं नाही. मी दाराच्या फटीतून बघतो.' खाली सही, दोडका.

मी वाचला आणि खुर्चीत उडालोच. मामा! मिशा! साडी! कुलूप उघडलं होतं. त्या आनंदात, आणि खरं सांगतो, कौतुकाच्या भरातही, मी मोबाईल घेतला. मराठी टायपिंग मी नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे लिहायला हात नुसता शिवशिवत असे. खाली टिप्पणीची जागा होती. मी तिथे मुलीचं नाव घालून लिहिलं, की शाबास, मामा मामा म्हणून आम्हाला फसवतेस होय? तुमच्याकडे वडिलांनाच मामा म्हणतात हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. बाप खरा कलावंत! आशीर्वाद. मग मोबाईलने, तुम्ही कोण, असं काहीतरी विचारलं. मला त्यातलं काही कळेना. हाताला आलं ते दाबलं. टिप्पणी उमटली आणि वर लिहून आलं, 'अनामिक म्हणाले'. तुम्हाला हसू येईल, पण त्या वेळी मला वाईट वाटलं ते एवढंच, की एवढं ओळखून दाखवलं आणि नाव मात्र आलं नाही.

सकाळी सरांनी ती टिप्पणी पुसली. पण तोवर कुणीतरी तिचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. दुपारपर्यंत गल्लीला कळलं होतं आणि संध्याकाळी मी घरी जाताना कट्ट्यावरची पोरं त्या घराकडे बघून ओरडताना माझ्या कानांनी ऐकली. "काय आक्का! पदर कसा पडला ओ आज?" दोन्ही माग बंद होते. गल्लीत त्या घराचे माग दिवसाउजेडी बंद मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत येईना.

तिसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. माझ्या खोलीतच उभे राहिले. सर समोर होते, मी टेबलामागे. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पोरीनं तुमच्यावर विश्वास ठेवून लिवलं. तुमी तिचं नाव सांभाळतो म्हणालासा. आता ती माज्यासमोर येईना झालीय. आनि मी माग लावू कसा सांगा. साडी हातात घेतली की सगळी गल्ली फटीतनं बगालीय असं वाटतंय. पोरीला आता शाळा बास."

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सर आधी बोलले. "चूक माझी हाय मामा. टिप्पणीची खिडकी मी उघडी ठेवलीती."

अध्यक्षांना तर संधीच मिळाली. त्यांचं डोकं त्यांना आठवलं आणि सरांना मेमो द्यायचा हुकूम आला. 'विद्यार्थ्यांची ओळख गोपनीय ठेवण्याबाबत आपण दाखवलेला हलगर्जीपणा गंभीर स्वरूपाचा आहे.' हे वाक्य, या माणसाला. खाली सही माझी. मी त्यांना मेमो दिला तेव्हा त्यांनी तो सवयीप्रमाणे हाताने झाकून वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ह्याच्यावर माझं नाव हाय सर. तेवढं बोर्डावर लावू नका." मी, अगदी काहीच ठाऊक नसल्यासारखा, विचारलं, "तो अनामिक कोण, ते शोधता नाही का येत?" आता मला वाटतं, त्यांनी शोधावं म्हणूनच मी ते विचारलं असेन. सर म्हणाले, "येत असंल. पण शोधायचं न्हाय. आज त्याचं नाव काढलं तर उद्या मटारचं पण काढाय लागंल." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आनि वाईट बुद्धीनं लिवलं न्हाय सर त्यानं. आशीर्वाद असं कोण लिवतंय आजकाल?"

आमच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर, सहीच्या वर, मी 'आशीर्वाद' लिहीत असे.

त्याच संध्याकाळी सर वडगावात आले. मी माझ्या घराच्या मागच्या खिडकीशी होतो. सरळ त्या घरात गेले आणि थोड्या वेळाने एक नवी, जांभळ्या काठाची साडी घेऊन बाहेर गल्लीत आले. बगलेत छत्री होतीच. ती त्यांनी पायरीवर ठेवली, साडी शर्टावरून खांद्यावर घेतली, पदर पाठीवर टाकला आणि त्या ठेंगण्या, मिशाळ माणसाने गल्लीच्या मधोमध मागे-पुढे चालायला सुरुवात केली. "बायको निपाणीत हाय," असं आपल्या त्या वर्गातल्या आवाजात सगळ्या गल्लीला सांगत होते. "तिच्या अंगावर पदर कसा पडंल ते कळाय नको? कुणीतरी अंगावर घेऊन बगाय पाहिजेच की!" कट्ट्यावरची पोरं लोळून हसली. बायका दारात आल्या. एक म्हातारी ओरडली, "मास्तर, खांदा पाडा जरा, पोत्यागत दिसालाय!" आयुष्यभर आपलं नावसुद्धा इडलीवाल्याला न सांगणारा माणूस, आणि सगळी गल्ली त्याचे फोटो काढत होती.

पदर मात्र फार वाईट पडला होता. सरांनी उजव्या खांद्यावर घेतला होता आणि काठ दुमडला होता. मुद्दाम की अजाणता, ते त्यांचं त्यांना माहीत. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, आणि दारातून आवाज आला, "अवो, असं न्हाय! डावा खांदा, डावा!" वडील बाहेर आले होते. त्यांना बघवेनाच. त्यांनी सरांच्या अंगावरून साडी ओढून घेतली, झटकली आणि तिथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या खांद्यावर टाकली. चार पावलं चालले. पदर असा पडला, की हसणं आपोआप थांबलं. "व्हय रं," कट्ट्यावरचंच एक पोरगं म्हणालं, "लई भारी पडतोय." ते वर बघून हसले. वरच्या खिडकीत मुलगी होती. या वेळी फट नव्हती, खिडकी उघडी होती.

ती सोमवारपासून शाळेत आली. दोन्ही माग सुरू झाले. 'आक्का' हे नाव गल्लीने सरांना देऊन टाकलं. सर वडगावात दिसले, की पोरं "आक्का, पदर सांभाळा!" म्हणत आणि सर अदृश्य पदर सावरून पुढे जात. मी खिडकीचा पडदा त्या संध्याकाळी धरला होता तो नंतर कितीतरी दिवस माझ्या हातातच आहे असं मला वाटायचं. खाली उतरायला नुसत्या पायऱ्या होत्या, त्या मी उतरलो नाही.

त्यानंतर सरांनी ब्लॉगवर एकच बदल केला. कुठलीही टिप्पणी आधी त्यांच्याकडे जाई. त्यांनी छत्री उघडून, वाचून, मंजूर केली तरच ती दिसे. दोडका परत कधी आला नाही. मुलगी मात्र लिहीत होती, दुसऱ्या भाजीच्या नावाने. कुठल्या ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढं एक.

निवृत्तीनंतर सर निपाणीला गेले. मी खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो. बसमध्ये वाक्य तयार करायचो, संकेश्वरपर्यंत ते पाठ व्हायचं आणि निपाणीच्या स्टँडवर उतरलं की विरायचं. कधी शेजारपाजारचे येऊन बसलेले असायचे, कधी सर मला परसातली भाजी दाखवायला न्यायचे, कधी नुसताच चहा यायचा. एकदा मी "सर, त्या अनामिकाचं..." इथपर्यंत आलो होतो. त्यांनी लगेच पिशवी पुढे केली. "हे घरला न्या. सगळ्या परसातल्या हाईत. तुमची पण हाय ह्यात." माझी म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं नाही. घरी येऊन पिशवी ओतली. वांगी, शेवग्याच्या शेंगा, कारली, अळूची पानं. मी बराच वेळ एकेक भाजी हातात घेऊन बघत होतो. बायको म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हटलं, "मला." ती म्हणाली, "कारलं असणार." आणि निवडायला बसली.

गेल्या वर्षी सर गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने, जांभळ्या काठाच्या त्याच साडीत, मला एक गोष्ट सांगितली. सरांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. शाळेत निबंध होता, माझी आई. सरांनी लिहिलं, की आईने डोक्यावरून हात फिरवला की मला शिंका येतात, तरी मी डोकं पुढे करतो. मास्तरांनी तो निबंध नाव घेऊन सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. शाळा सुटेपर्यंत त्यांचं नाव शिंक्या पडलं. आईने मग कधी डोक्यावर हात ठेवला नाही. "मास्तरांनी पण कौतुकानंच वाचला म्हणं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी त्यांच्यावर कधी राग धरला न्हाय. फक्त, एकदा येऊन बोलले असते तर बरं झालं असतं, असं म्हणायचे."

घरी येऊन मी ब्लॉग उघडला. अजून आहे तो. सगळ्या भाज्या आहेत, सावल्या आहेत, धूळ आहे, अध्यक्षांचा हात आहे. मुळ्याचा पाळीव प्राणी अजून कुणालातरी ढकलतो आहे. मी दोडक्याच्या लेखाखाली गेलो. या वेळी, तुम्ही कोण, असं विचारल्यावर घाई केली नाही. माझं नाव घातलं, आडनावासकट, गावासकट. आणि लिहिलं. मग पडद्यावर अक्षरं आली, की आपली टिप्पणी ब्लॉगचालकाने मंजूर केल्यावर दिसेल.

ती अजून दिसत नाही. लिहिलं होतं ते एवढंच, 'सर, अनामिक मी होतो. माझं चुकलं.'